कूलरवर मधमाशा यायल्यात? पेटी विकायच्या आधी एवढं बघा

मार्चचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या फोनवर एकच तक्रार दहा तोंडांनी येते. "अण्णा, शेजारचे भांडायला आलेत, आपल्या माशा त्यांच्या कूलरमधी शिरायल्यात, पेटी देऊन टाकू का कुणाला?" देऊन टाकू नका, जरा दम धरा. माझं लातूरात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, उन्हाळाभर कूलरचे पंप अन् मोटारी हेच काम, आणि घराच्या स्लॅबवर २०१७ पासून सातेरीच्या (पेटीत पाळतात ती आपली देशी मधमाशी) दोन पेट्या आहेत, त्यामुळं या भांडणात दोन्ही पार्ट्या माझ्याकडंच येतात. स्वतःच्या घरी हा प्रकार तीन उन्हाळे झाला, लोकांच्या घरी किती वेळा निस्तरला ते मोजलेलं नाही. दरवेळी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून ठेवायलोय.

आधी लक्षणं बघून घ्या, म्हणजे तुमची भानगड हीच आहे का दुसरी ते कळंल.

माशा सकाळी नऊ-दहाला कूलरच्या गवतावर यायला लागतात, दुपारी गर्दी, अंधार पडला की एकदम बंद. बसलेली माशी अंगावर येत नाही, ओल्या गवताला सोंड लावून गप पाणी पीत बसते, हाकलली तर एक चक्कर मारून परत त्याच जागी. कूलरच्या टाकीत रोज दहा-वीस मेलेल्या तरंगतात, दोन-चार पंख्याच्या ओढीनं खोलीत येऊन फरशीवर पडतात आणि कुणाचातरी अनवाणी पाय त्यावर पडतो (नव्वद टक्के चावे असलेच, माशी उडून चावायला आली असं क्वचितच). कूलर नसंल तिथं गळकी तोटी, नुकतं पाणी घातलेली कुंडी, कुत्र्याचं भांडं, वाळत घातलेले ओले कपडे. आणि तुमच्या पेटीच्या तोंडाशी संध्याकाळी माशांची दाढी लोंबती. हे सगळं जुळलं तर पुढं वाचा.

रात्री ट्यूबलाईटवर माशा येत असतील, किंवा नुसतं जवळून गेलं तरी डोक्यात घुसत असतील, तर ते प्रकरण वेगळं, ते खाली येईल.

आता हे होतं कशानं. पेटीत जिथं अंडी-अळ्या असतात तिथलं तापमान माशा ३४-३५ डिग्रीवर धरून ठेवतात, थंडीत पण अन् उन्हाळ्यात पण. बाहेर ४०-४२ झालं की काही माशा नुसतं पाणी वाहायचं काम धरतात, ते पाणी पोळ्याच्या घरांवर थेंब थेंब पसरतात आणि बाकीच्या पंख मारून वारा घालतात. म्हणजे आपण जो कूलर लावतो तोच त्यांनी पेटीत लावलेला असतो, फक्त त्यांच्या कूलरची टाकी म्हणजे शेजाऱ्याचा कूलर. त्यांना हाकलून, धूर करून, पाणी मारून काही होत नाही ते याच्यामुळं, घरात लेकरं भाजायल्यावर कोण थांबल.

मग कूलरच का? आपल्या गावाचं पाणी कसंय तुम्हाला माहितंय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, तेव्हापासून लातूरकर पाण्याचा थेंब उघडा ठेवत नाही. टाकीला झाकण, टिपाडाला झाकण, हौदावर पत्रा, वरून डेंग्यूवाले येऊन भांडी पालथी करून जातात. सगळ्या गल्लीत दिवसभर उघडं अन् ओलं असं एकच काय राहतं तर कूलरचं गवत. त्यात बोअरचं जड पाणी, गवतावर पांढरा थर धरलेला, अन् त्याला तो कुबट वास. आपल्याला नको वाटतो पण माशीला असलंच खारट, शेवाळी, वासाचं पाणी आवडतं. फिल्टरचं स्वच्छ पाणी ती हुंगत पण नाही.

आता तपासणी. फुकटचं आधी, खर्चाचं मागून, हाच क्रम धरा, कारण मी बघितलंय, लोक पहिल्याच दिवशी घाबरून पेटी उचलतात अन् माशा पण जातात अन् शेजाऱ्याचा कूलर पण तसाच भरलेला राहतो.

माशा तुमच्याच आहेत का?

हसू नका. माझ्या घरामागं पोरांचं होस्टेल आहे, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं, खिडकीगणिक एक कूलर, म्हणजे वीस-बावीस कूलरची भिंतच समजा. एका वर्षी तिथल्या मावशी पंधरा दिवस मला बोलत होत्या, मी पण मान खाली घालून ऐकत होतो, वर मधाची बाटली देऊन आलो. शेवटी एक दिवस वर जाऊन बघितलं तर त्यांच्याच पाण्याच्या टाकीखाली हातभर रुंद आग्याचं मोहोळ. माशा त्याच्या होत्या! (बाटली परत मागितली नाही.)

तर आधी माशी नीट बघा. सातेरी सेंटीमीटरभर लांब, पोटावर काळे-पिवळे पट्टे. आग्या तिच्या दीडपट-दुप्पट, लांबुडकी. फुलोरी एकदम बारीक, पोटाचा पुढचा भाग तांबूस, तिचं तळहाताएवढं पोळं मेहंदीच्या नाहीतर डाळिंबाच्या फांदीला असतं आणि बहुतेक वेळा ते तक्रार करणाऱ्याच्याच अंगणात सापडतं. रात्री ट्यूबवर येतात त्या जवळपास नेहमी आग्याच, चांदण्या रात्री उडणारी जात ती. सातेरी अंधारात घर सोडत नाही.

माशी सातेरीच निघाली तरी ती तुमच्याच पेटीतली असं धरू नका, जुन्या भिंतीच्या भोकात, लाईटच्या मीटरच्या डब्यात, कडुलिंबाच्या ढोलीत रानटी सातेरी शहरात भरपूर आहे. सोपी युक्ती म्हणजे चिमूटभर मैदा. कूलरवर पाणी पीत बसलेल्या पाच-सहा माशांवर बोटानं हलकेच भुरभुरवा आणि घरच्या कुणालातरी तुमच्या पेटीच्या तोंडाशी उभं करा. पाच-दहा मिनिटांत पांढरी माशी आत शिरली तर माल तुमचा. दोन-तीनदा करून एकपण आली नाही तर शेजाऱ्यालाच बोलावून हा खेळ दाखवा, तोंडी सांगून पटत नाही. मैदाच वापरा, हळद-बिळद नको, पिवळी माशी अन् परागानं माखलेली माशी यातला फरक लांबून कळत नाही.

तुमचं पाणी आहे का, आणि माशा ते पितात का?

इथंच निम्म्याहून जास्त केसेस मिटतात. फोनवर विचारलं की प्रत्येकजण म्हणतो पाणी ठेवलंय की. जाऊन बघितलं तर प्लास्टिकची वाटी, कडंला गुळगुळीत, माशी बसली की घसरून बुडती, अन् दुपारी बाराला वाटी कोरडी ठण्ण.

काय करायचं, मातीचं पसरट भांडं घ्या, जुनी परात, घमेलं काहीपण चालतं. त्यात विटेचे तुकडे, खडी, नाहीतर नारळाची शेंडी भरा, आणि पाणी एवढंच की खड्यांची डोकी वर राहतील. माशीला उभं राहायला ओली जागा पाहिजे, डुंबायला तळं नको. मी तर कूलरचं जुनं काढलेलं गवतच धुऊन परातीत पसरतो, दुकानात फुकट पडलेलं असतं, अन् माशांना त्याची ओळख असतीच. पेटीपासून दहा-पंधरा फुटांवर ठेवा, अगदी तोंडापुढं नको, घरातून निघालेल्या माशा तिथंच हगतात अन् पाणी घाण होतं. सकाळचं ऊन त्यावर पडलं तर चांगलं, कोमट पाण्यावर माशा लवकर येतात.

वर एक २० लिटरचा जार उलटा करून किंवा सलाईनची नळी लावून थेंब थेंब चालू ठेवलं तर सगळ्यात बेस्ट. कारण मुख्य नियम हा, की पाणी एक दिवससुद्धा आटता कामा नये. ज्या दिवशी आटलं त्या दिवशी माशा दुसरं ठिकाण शोधतात, आणि एकदा शोधलं की त्या ठिकाणाला चिकटतात, दुसऱ्या दिवशी तुम्ही घागरभर पाणी ओतलं तरी त्यांच्या डोक्यात कूलरच असतो. माझ्या तीन उन्हाळ्यांतला एक असाच गेला. पाहुण्याच्या लग्नाला उदगीरला दोन दिवस काय गेलो, परत आलो तर दारात होस्टेलच्या मावशी उभ्या, हातात कूलरची टाकी, टाकीत माशा.

मच्छर होतात म्हणून लोक शंका काढतात, बरोबर आहे. आठवड्यातून एकदा परात पूर्ण रिकामी करून घासायची, खडे उन्हात टाकायचे, लगेच परत भरायची. सकाळी लवकर करा, माशा निघायच्या आत.

पाणी आहे पण तुमच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत

हे सगळ्यात जास्त चिडवणारं. कारण साधंय, तुम्ही उशीर केला. कूलर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे शिवरात्रीच्या आत पाणी ठेवलं तर माशा पहिल्यांदा तुमचंच शिकतात आणि उन्हाळाभर काही त्रास नाही. एप्रिलात जागे झालात तर त्यांची कूलरची सवय मोडायला आठ-दहा दिवस जातात.

सवय मोडायची रीत सांगतो. पाण्यात थोडंसं मीठ, साधारण लिटरला अर्धा चमचा, जास्त नको. गवती चहाची दोन पानं चुरगाळून टाका, माशा एकमेकींना बोलवायला जो वास सोडतात त्यात सिट्रल असतं, तेच गवती चहात असतं, म्हणून त्या पहिल्यांदा तिथं वळतात. काहीजण साखर टाकतात. मी टाकत नाही, कारण उघड्यावर साखरपाणी ठेवलं की पाण्यासाठीच्या माशा राहतात बाजूला अन् गावातल्या सगळ्या लुटारू माशा-मुंग्या-गांधीलमाशा जमा होतात, तिथून पेट्यांची लूटमार सुरू होती. आणि हे करायचं त्याच वेळी कूलर बंदोबस्तात घ्यायचा, म्हणजे खालचं. दोन्ही एकदम केलं तरच उपयोग आहे, एकीकडचा नळ बंद केला अन् दुसरीकडचा उघडला असं.

शेजाऱ्याचा कूलर: जाळी तुम्ही लावून द्या

तुमच्या पैशानं. याच्यावर माझ्याशी वाद घालू नका. माशा तुमच्या नादाच्या, त्रास त्यांना, शंभर-दीडशे रुपयांची नायलॉनची मच्छरदाणीची जाळी तुम्हीच आणायची, तुम्हीच चढायचं. बाहेरून तीनही बाजूंना लावा, पण गवताला चिकटवून नको! जाळी गवताला टेकली की माशी जाळीच्या भोकातून सोंड घालून पाणी पिती अन् म्हणती काय झकास सोय केली. मध्ये बोटभर तरी अंतर पाहिजे, लाकडी पट्ट्या नाहीतर पीव्हीसीच्या नळीचे तुकडे अडकवा. हवा थोडी कमी खेचली जाती हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर उद्या त्याचं पण खापर तुमच्यावर.

तिथंच टाकीचं झाकण, पाईप गळतोय का, ओव्हरफ्लो होऊन भिंत ओली होती का, हे पण बघून घ्या. माझ्या बघण्यात तीनातल्या एका कूलरला गळती असतीच, आणि गळकी ओली भिंत ही माशांना गवतापेक्षा आवडती. वॉशर बदला, पाच रुपये. (नव्या कूलरमध्ये ते पुठ्ठ्यासारखं पॅड येतं, त्याला दुकानदार हनीकॉम्ब, म्हणजे मधाचं पोळं, म्हणतात. तिथं पण माशा येतात, नावामुळं नाही.)

एक गोष्ट हात जोडून सांगा त्यांना. कूलरच्या पाण्यात फिनेल, डासाचा स्प्रे, रॉकेल असलं काही टाकायचं नाही. माशांसाठी म्हणून नाही सांगत. तो कूलर तीच हवा घरात फेकतो, त्यापुढं लेकरू झोपलेलं असतं. एका घरी असं केलेलं मी बघितलंय, घरातल्या म्हाताऱ्या बाईला खोकून खोकून दम लागला. आणि माशा तर, पेटीपुढं ढीग, सोंडा बाहेर आलेल्या, काही जागेवरच गरगर फिरायल्यात. सोंड बाहेर काढून मेलेल्या माशांचा ढीग दिसला की विषबाधा धरून चाला, कूलर नाहीतर जवळपासची फवारणी.

पेटीच तापतीये का?

वरचं सगळं करून पण पाण्याची वाहतूक कमी होत नसंल तर मग कळीचा प्रश्न हा, की त्यांना एवढं पाणी लागतंय कशाला. दुपारी दोनला पेटीच्या झाकणावर हात ठेवा. हात ठेववत नसंल तर उत्तर मिळालं.

स्लॅबवरची पेटी दोन्हीकडून भाजती, वरून ऊन अन् खालून काँक्रीट, आणि काँक्रीट रात्री अकरापर्यंत वाफ सोडत राहतं. स्टँड दीड-दोन फूट उंच करा. झाकणाला पांढरा रंग नाहीतर चुना. वर थर्माकोलचा तुकडा, त्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या आडव्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वीट. हिरव्या शेडनेटची सावली करायची तर पेटीपासून चार-पाच फूट वर, टेकवून नाही. पत्र्याच्या शेडखाली ठेवली असंल तर ती सावली नाही, तंदूर आहे. ओलं पोतं टाकायचं तर कडब्यावर टाका, थेट लाकडावर पाणी मुरलं की फळ्या वाकतात अन् फटी पडल्या की मुंग्या. तोंडाची पट्टी उन्हाळ्यात पूर्ण उघडी ठेवा, आतल्या माशांना वारा बाहेर फेकायला जागा लागती.

सकाळचं कोवळं ऊन अन् अकरानंतर सावली अशी जागा मिळाली तर देव पावला. माझी एक पेटी शेवग्याच्या सावलीत आहे अन् दुसरी जिन्याच्या टोपीच्या आडोशाला, शेवग्याखालची निम्मंसुद्धा पाणी ओढत नाही.

हे नुसतं शेजाऱ्यासाठी नाही हो. सातेरी फार सोसत नाही, गरम झालं, खायला कमी पडलं, मुंग्या-मेणकिडे लागले की अख्खं घर पेटी सोडून उठून जातं. कूलरवर वाढलेली गर्दी ही मला तर पहिली सूचना वाटती, दोन आठवडे दुर्लक्ष केलं तर तिसऱ्या आठवड्यात रिकामी पेटी बघायला मिळती.

तहान आहे का भूक?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पाणी ठेवून ठेवून दमलो आणि माशा गांधी चौकाकडच्या रसवंतीवर, चहाच्या टपरीवर, उष्ट्या कपांवर. कूलरवर बसली तर तहान, रसवंतीवर बसली तर भूक. भुकेला पाणी पाजून काय उपयोग.

आपल्याकडं तूर, करडई, कांद्याचं बी हे सगळं उरकलं की एप्रिलपासून पुढं फुलोरा कमी होत जातो. शहरात तोपर्यंत कडुलिंब, करंज थोडा आधार देतात, पण मे महिना कडकच. पेटी संध्याकाळी मागून हलकेच उचलून बघा, हलकी लागली तर आत मध नाही. मग साखरपाणी द्या, एक किलो साखर एक लिटर पाणी, उकळलेल्या पाण्यात विरघळवून गार करून. संध्याकाळी, पेटीच्या आत, वाटीत काड्या टाकून, एकावेळी पावशेरभर. बाहेर एक थेंब सांडला तर पुसून घ्या. गूळ देऊ नका, आपल्याकडं गूळ हाताशी असतो म्हणून लोक देतात, माशांची पोटं बिघडतात. बाजारचा मध पण नको, दुसऱ्या पेट्यांचे रोग त्यातून येतात. आणि साखर चालू असताना जे काही साठंल तो मध म्हणून कुणाला विकू नका, खाऊ पण नका, तो माशांचाच.

तोंड कुठं आहे?

हे थोडक्यात. पेटीचं तोंड शेजाऱ्याच्या गच्चीकडं असंल तर माशा निघाल्या की थेट त्यांच्या डोक्याच्या उंचीवर. तोंडापुढं तीन-चार फुटांवर सहा फुटांची आड उभी करा, शेडनेट नाहीतर बांबूची ताटी, माशा सरळ वर चढतात अन् डोक्यावरून निघून जातात. धुतलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडायलेत ही तक्रार पण यानंच जाती. पेटी जागेवर फिरवायची तर अंधार पडल्यावर, आणि सरकवायची तर रोज फूट-दीड फूट, एकदम वीस फूट सरकवली की सगळ्या माशा जुन्या जागी येऊन घोंघावत बसतात.

उघडून बघणं

आता कष्टाचं. नवख्यानं हे एकट्यानं करू नये. सकाळी सात-आठला, बुरखा-हातमोजे घालून, स्मोकरचा थोडासाच धूर. दुपारी अजिबात नाही, मेण त्या उन्हात इतकं मऊ असतं की चौकट जरा आडवी केली तरी अख्खं पोळं गळून पडतं, मधासकट अन् राणीसकट. चौकट उभीच धरायची.

बघायचं एवढंच. अंडी-अळ्या आहेत का? सगळ्या चौकटी गच्च भरून माशा बाहेर लोंबत असतील तर वर मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवून जागा द्या. उलट अंडी नाहीत, पराग येत नाही, मध संपलेला अशी पेटी उठून जायच्या तयारीत आहे, तिला आजच साखरपाणी अन् सावली. तळपाटावर जाळ्या अन् काळी लेंडी दिसली तर मेणकिडा, रिकामी काळी पोळी काढून टाका. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत का बघा, मुंग्या चढल्या की माशा रात्रभर जागतात.

पेट्यांची संख्या पण मोजा. गावातल्या वीस बाय चाळीसच्या प्लॉटवर दोन पेट्या, त्याच्या वर नाही, असं माझं मत. एकानं हौसेनं सहा ठेवल्या होत्या. सगळं बरोबर केलं होतं बिचाऱ्यानं, पण सहा पेट्यांचं पाणी कितीही ठेवलं तरी दोन-चारशे माशा कूलर शोधणारच.

शेवटचा उपाय: उन्हाळ्यापुरती शेतात

एप्रिल ते जून पेटी गावाबाहेर. याला हार म्हणू नका, मी एक पेटी दरवर्षी मित्राच्या शेतात नेतो, त्याचं टरबूज असतं अन् टरबुजाला माशा नसल्या तर फळ धरत नाही, त्याचा फायदा आपला फायदा. तीन-चार किलोमीटरच्या पुढं न्या, नाहीतर माशा जुन्या घरी परत येतात. अंधार पडल्यावर तोंडाला बारीक जाळी ठोकायची, चौकटी हलू नयेत म्हणून पाचर मारायची, गाडीत चौकटी गाडीच्या लांबीत येतील अशा ठेवायच्या म्हणजे ब्रेक मारला की पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. पहाटेच्या आत पोचून जाळी काढायची. बंद पेटी दिवसा उन्हात गाडीत राहिली तर दोन तासांत आतला काला होतो. शेतकऱ्याला आधीच विचारा की फवारणी कधी अन् कशाची, आणि फवारायच्या आदल्या रात्री मला फोन कर म्हणून सांगून या.

कुठं हात आखडता घ्यायचा

आग्या मोहोळ असंल तर तुम्ही काहीपण करायचं नाही. टेंभा नाही, धूर नाही, दगड नाही, पाण्याचा पाईप नाही. एक माशी चावली की तिच्या डंखाचा वास बाकीच्यांना बोलावतो आणि आग्या शेकड्यानं मागं लागती. अजिंठ्याच्या कड्यावर ही मोहोळं लोंबलेली बघितलीत ना, तीच ही, फक्त होस्टेलच्या टाकीखाली. त्यांचा हंगाम संपला की त्या आपणहून उठून जातात, जागा वापरात नसंल तर तेवढे दिवस तिकडची ये-जा बंद ठेवणं हाच शहाणपणा. शाळा, जिना, दवाखान्याची खिडकी असं असंल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, आणि शक्यतो मोहोळ न जाळता काढणारा प्रशिक्षित माणूस बोलवा.

भिंतीत, मीटरच्या डब्यात, स्लॅबच्या पोकळीत सातेरी बसली असंल तर तिथं पण हात घालू नका. मीटरला तर अजिबातच नाही, मी धंद्यानं वायरमनसारखा असूनपण घालत नाही. आधी लाईटवाल्यांना सांगून सप्लाय बंद, मग माशा काढणारा.

तुमची पेटी अचानक चिडकी झाली, विनाकारण लोकांच्या मागं लागती, असं दोन-तीन दिवस चाललं तर राणी गेलेली असंल, लूटमार असंल, रात्री कुणी छेडत असंल. तोंड लहान करा आणि अनुभवी माणूस बोलवा, स्वतः दुपारी उघडून बसू नका.

आणि माणसाचं. चावलं की नांगी नखानं खरवडून लगेच काढा, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व, कारण ती सुटी नांगी पण विष सोडत राहती. तिथं पाण्यानं धुवा, बर्फ लावा. नुसती सूज चालंल. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर, उलटी, यातलं काहीपण झालं तर घरगुती उपाय नको, १०८ ला फोन, नाहीतर मिळंल त्या गाडीनं दवाखाना. लहान लेकराला नाहीतर म्हाताऱ्या माणसाला खूप माशा चावल्या तर लक्षणं नसली तरी दाखवून या. आणि शेजारच्या घरात कुणाला आधी असा त्रास झालेला असंल तर वरची सगळी तपासणी सोडा, पेटी त्याच रात्री हलवा.

शिकायचं असंल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, मंडळाचं ऑफिस आपल्या जिल्ह्यात पण असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन् जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कीटकशास्त्राची माणसं भेटतात, मेलेल्या माशा कागदाच्या पुडीत नेऊन दाखवल्या तर ते बघून सांगतात. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, घाम धरून कुजतात.

आणि मला फोन करणार असाल तर आधी एवढं बघून ठेवा: माशीचा जवळून फोटो, मैद्याचा खेळ केला का, पेट्या किती, पाण्याची परात दुपारी दोनला ओली होती का कोरडी. चार वाजता नाही, दोनलाच बघा.